कीटो करू का? आधी गोळ्यांची चिठ्ठी दाखवा

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकचे एक गृहस्थ, वय ४३, उंची पाच फूट सात इंच, वजन ९२ किलो. डायबेटिस निघून पाच वर्षं झाली, एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतल्या सरासरी शुगरचा आकडा) ७.८ आहे. गोळ्या चार: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, डापाग्लिफ्लोझिन आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन. ऑफिसातल्या सहकाऱ्याने कीटो, म्हणजे कार्ब्ज (पोळी-भातातलं पिष्ट आणि साखर) जवळपास बंद आणि फॅट भरपूर असा आहार, करून तीन महिन्यांत ११ किलो उतरवले. ते पाहून यांनी जिममधल्या ट्रेनरकडून तक्ता घेतलाय आणि सोमवारपासून सुरू करायचं ठरवलंय. कीटो करावं का, किडनी जाते म्हणतात ते खरं का, घरात वहिनी दीक्षित डाएट करतात त्यापेक्षा हे बरं का आणि कीटो आटा कोणता घ्यावा, असं विचारतायत.

सोमवारपासून सुरू करू नका. कीटो वाईट आहे म्हणून नव्हे. तुमच्या चार गोळ्यांपैकी तिसरी गोळी आणि कीटो ही जोडी धोक्याची आहे, आणि ट्रेनरच्या तक्त्यात गोळ्यांचा रकानाच नसतो. मी आहारतज्ज्ञ म्हणून हॉस्पिटलमध्ये आणि बाहेरही काम करते. कीटोबद्दल विचारणाऱ्याला मी वजनाच्या आधी गोळ्यांची चिठ्ठी मागते.

डापाग्लिफ्लोझिन रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर काढते. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या सगळ्या गोळ्या याच घराण्यातल्या. औषध उत्तम आहे, हृदयाला आणि किडनीला त्याचा फायदा सिद्ध झालेला आहे, आणि २०२० मध्ये पेटंट संपल्यावर भारतात ते स्वस्त झालं, त्यामुळे आज कित्येक चिठ्ठ्यांवर दिसतं. पण या गोळीने शरीराचा कल थोडा कीटोन (चरबी जळताना यकृतात बनणारे आम्लधर्मी पदार्थ) बनवण्याकडे झुकतोच. त्यात तुम्ही पोळी-भात बंद केलात की इन्सुलिन आणखी खाली येतं आणि कीटोन हाताबाहेर जाऊ शकतात. याला कीटोॲसिडोसिस म्हणतात. अमेरिकेची औषध नियंत्रक संस्था एफडीए, तिने या गटातल्या औषधांबाबत २०१५ मध्येच तसा इशारा दिला होता. फसवणारी गोष्ट अशी की एरवी कीटोॲसिडोसिसमध्ये शुगर चारशे-पाचशेच्या घरात असते, आणि इथे ती जवळपास ठीक दिसते, कारण जास्तीची साखर लघवीतून निघून जात असते.

असे एक पन्नाशीचे पेशंट मी जवळून पाहिलेत. कीटो सुरू करून दहा-बारा दिवस झाले होते. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, थोडी धाप. घरच्या ग्लुकोमीटरवर आकडा १८४. ‘शुगर तर छान आहे’ म्हणून घरी ॲसिडिटीची गोळी आणि ओआरएस चालू. पहिल्यांदा जिथे दाखवलं तिथे लघवीत कीटोन भरपूर निघाले, पण पेशंट स्वतःच म्हणाले, ‘कीटो चालू आहे ना, असणारच.’ ते सगळ्यांना पटलं. धाप वाढल्यावर आमच्याकडे आणलं, रक्ताचा पीएच केला, तो बराच खाली गेलेला होता, म्हणजे रक्तातलं आम्ल वाढलं होतं. मग आयसीयू, सलाइन आणि त्यात ग्लुकोज, सोबत इन्सुलिन. बरे होऊन घरी गेले. दोष एकट्या कीटोचा नव्हता, एकट्या गोळीचाही नव्हता. दोन्ही एकत्र आहेत हे कुणी बघितलंच नव्हतं.

दुसरी गोळी ग्लिमेपिराइड. ती स्वादुपिंडाकडून जबरदस्तीने इन्सुलिन काढून घेते, तुम्ही जेवलात की नाही याची पर्वा न करता. तीनशे ग्रॅम कार्ब्जच्या हिशेबाने बसवलेला तिचा डोस तीस ग्रॅम कार्ब्जवर तसाच ठेवला तर शुगर पन्नासवर येऊन घाम फुटायला दोन-तीन दिवस पुरतात. आणि टेल्मिसार्टन? कीटोच्या पहिल्या आठवड्यात इन्सुलिन घटल्याने किडनी मीठ आणि पाणी बाहेर टाकते, बीपी आपोआप उतरतं, वरून बीपीची गोळी चालूच, मग सकाळी उठताना गरगरतं. मेटफॉर्मिन मात्र सहसा तशीच चालू ठेवता येते.

म्हणून कीटोकडे मी डाएट म्हणून बघतच नाही, औषध म्हणून बघते. औषधाला जसा आजार लागतो, डोस लागतो, रक्ततपासणी लागते, दुसऱ्या औषधाशी पटतं का ते बघावं लागतं आणि बंद कसं करायचं ते आधीच ठरवावं लागतं, तसं यालाही. हे माझ्या मनाचं नाही. कीटोचा जन्मच हॉस्पिटलात झालाय. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी मिरगीच्या म्हणजे फिट्सच्या रुग्णांसाठी हा आहार सुचवला. उपाशी ठेवलं की फिट्स थांबतात हे फार पूर्वीपासून माहीत होतं. उपाशी न ठेवता शरीराला उपासाचा आभास द्यायचा, ही त्यांची कल्पना. १९३८ मध्ये फेनिटॉइन हे औषध आलं, गोळी देणं सोपं पडलं आणि आहार मागे पडला. १९९० च्या दशकात एका हॉलिवूड दिग्दर्शकाच्या मुलाच्या फिट्स औषधांना दाद देत नव्हत्या, त्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात या आहाराने थांबल्या, आणि पुन्हा लक्ष वेधलं गेलं. २००८ मध्ये लंडनमध्ये १४५ मुलांवर नीट चाचणी झाली: तीन महिन्यांनी आहार घेणाऱ्या मुलांपैकी ३८ टक्क्यांच्या फिट्स निम्म्याहून खाली आल्या, न घेणाऱ्यांत फक्त ६ टक्क्यांच्या. दिल्लीच्या एम्समध्ये थोडा सैल प्रकार, ज्याला मॉडिफाइड ॲटकिन्स म्हणतात, १०२ मुलांवर तपासला गेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही निम्म्याच्या आसपास मुलांना असा फायदा झाला. ग्लट-वन नावाच्या एका दुर्मीळ जनुकीय आजारात तर मेंदूपर्यंत ग्लुकोज नीट पोहोचतच नाही, तिथे हा आहार हीच पहिली ट्रीटमेंट.

या मुलांच्या आया काट्यावर तोलून जेवण देतात. चार ग्रॅम फॅटला प्रोटीन आणि कार्ब्ज मिळून एक ग्रॅम, म्हणजे ९० टक्के कॅलरी फॅटमधून. औषधाच्या सिरपमधली साखरसुद्धा मोजतात. जिममध्ये मिळतं ते कीटो याच्या मानाने बरंच पातळ असतं.

आता तुमचं ताट. तुम्ही दिवसभराचं खाणं लिहून पाठवलंत ते बरं केलंत. दोन-दोन चमचे साखरेचे तीन चहा, त्यात दूध: सुमारे ४० ग्रॅम कार्ब्ज. सकाळची पोह्यांची भरलेली प्लेट: ४५. डब्यात तीन पोळ्या ५५, वाटीभर भात ३०, वरण १२, बटाट्याची भाजी १०. चारच्या चहाबरोबर बिस्किटं: २०. रात्री दोन भाकरी: ७५. एकूण पावणेतीनशेच्या पुढे. यात जगावेगळं काही नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत भारतीयांच्या जेवणातल्या सुमारे ६२ टक्के कॅलरी कार्ब्जमधून येतात असंच दिसलंय, आणि प्रोटीन जेमतेम १२ टक्के. कीटोत दिवसाचा कोटा २० ते ५० ग्रॅम असतो. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत ३५ ते ४० ग्रॅम निघतात. एक भाकरी खाल्ली की दिवस संपला. वरण-भात, उसळ, पोहे, केळं, आंबा, बटाटा, साबुदाणा सगळं बंद. साबुदाणा तर जवळपास निव्वळ स्टार्च. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, शुगरच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे.

कार्ब्ज तुटले की आधी साठवणीतली साखर वापरली जाते. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅम ग्लायकोजेन असतं, आणि प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. ते पाणी सुटतं. पहिल्या आठवड्यात दोन-अडीच किलो उतरतात ते हे. व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात ते याच आठवड्याचे. पाडव्याला श्रीखंड-पुरी झाली की त्यातलं बरंच पाणी परत येतं. त्यानंतर यकृत चरबीपासून कीटोन बनवू लागतं आणि मेंदू हळूहळू त्यांवर चालायला शिकतो. रक्तात कीटोन ०.५ ते ३ मिलिमोल प्रति लिटर असले तर त्याला न्यूट्रिशनल कीटोसिस म्हणतात. स्वादुपिंड धड असलेल्या माणसात ते याच्या फार वर जात नाहीत. लघवीच्या पट्ट्यांवर काही आठवड्यांनी रंग फिका पडतो, त्याने घाबरून लोक उरलीसुरली काकडीही बंद करतात. काही गरज नाही. ती पट्टी एकाच प्रकारचा कीटोन बघते आणि शरीर सरावलं की तो लघवीत कमी पडतो.

फायदा होतो का? होतो, आणि तो नाकारणारे लोक मला पटत नाहीत. पहिला फायदा भुकेचा. प्रोटीन आणि फॅटने पोट भरलेलं राहतं, कीटोसिसमध्ये भूक मंदावते, आणि बिस्किट-फरसाण-वडापाव या वाटाच बंद झाल्याने माणूस न मोजता चार-पाचशे कॅलरी कमी खातो. दुसरा, ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी झपाट्याने उतरते. आपल्याकडे पोट सुटलेल्या माणसाच्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) खाली हे ठरलेलं चित्र असतं, त्याला हे लागू पडतं. यकृतातली चरबी कमी होते. तिसरा आणि तुमच्यासाठी मोठा फायदा शुगरचा. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात २६२ डायबेटिक लोकांना वर्षभर कीटोवर ठेवलं, एचबीएवनसी ७.६ वरून ६.३ वर आलं, वजन १२ टक्के उतरलं, बहुतेकांचं इन्सुलिन कमी झालं किंवा सुटलं. पण ती चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी नव्हती, लोक स्वतःहून कीटोत आले होते. शिवाय त्यांच्या मागे फोनवर कायम डॉक्टर आणि कोच होते, आणि गोळ्या आठवड्याआठवड्याला बदलल्या जात होत्या. तुमच्या ट्रेनरच्या तक्त्यासोबत यातलं काहीच येत नाही.

वर्षभराचा हिशेब मांडला की चित्र जरा शांत होतं. २०१३ मध्ये कीटो विरुद्ध कमी फॅटचा आहार अशा चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा वर्षानंतर कीटोवाल्यांचं वजन जास्त उतरलेलं होतं ते सरासरी एक किलोहून कमी फरकाने. २०१८ मध्ये स्टॅनफर्डमध्ये ६०९ लोकांवर कमी फॅट विरुद्ध कमी कार्ब अशी तुलना झाली: एका गटाचे ५.३ किलो, दुसऱ्याचे ६ किलो. फरक सांगण्याजोगा नव्हता. त्याच स्टॅनफर्डच्या गटाने २०२२ मध्ये तुमच्यासारख्याच, म्हणजे डायबेटिस किंवा प्रीडायबेटिस असलेल्या ३३ जणांना बारा आठवडे कीटो आणि बारा आठवडे भूमध्य समुद्राकाठचा, म्हणजे कडधान्यं, फळं, अख्खी धान्यं ठेवणारा आहार दिला. एचबीएवनसी दोन्हीत जवळपास सारखंच सुधारलं. ट्रायग्लिसराइड कीटोत जास्त उतरले. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) मात्र कीटोत १० टक्के वाढलं आणि दुसऱ्या आहारात ५ टक्के घटलं. म्हणजे मैदा आणि साखर सोडण्याचा फायदा दोघांनाही मिळाला. मटकी आणि संत्रं सोडल्याने शुगरमध्ये वेगळं काही हाती लागलं नाही.

‘डायबेटिस गेला’ असं तुमचे सहकारी म्हणतात, असंही तुम्ही लिहिलंय. ते डायबेटिक होते का, किती होता, तुम्ही लिहिलेलं नाही, पण हे वाक्य मी वरचेवर ऐकते. कीटोवर एचबीएवनसी ५.९ आलं याचा अर्थ साखर येतच नाही म्हणून वाढत नाही, एवढाच असू शकतो. अशा माणसाची ग्लुकोज पिऊन चाचणी केली तर आकडा उलट भलताच वर जातो, निरोगी माणसाचासुद्धा, कारण स्नायू साखर घ्यायचं तात्पुरतं सोडून देतात. म्हणून त्या चाचणीआधी तीन दिवस निदान १५० ग्रॅम कार्ब्ज खायला सांगतात. गाडी गॅरेजमध्ये उभी आहे म्हणून इंजिन दुरुस्त झालं असं होत नाही. डायबेटिस खरोखर मागे हटतो तो मुख्यतः यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी उतरल्यावर. ब्रिटनच्या डायरेक्ट चाचणीत ४६ टक्के लोक वर्षभरात गोळ्यांशिवाय डायबेटिसच्या रेषेखाली आले, आणि ज्यांचं वजन १५ किलोंहून जास्त उतरलं त्यांच्यातले ८६ टक्के. त्यांना दिलेल्या साडेआठशे कॅलरींच्या शेकमध्ये ५९ टक्के कार्ब्ज होते! कीटोचा मागमूसही नाही. वजन कोणत्याही सरळ मार्गाने उतरू दे, फळ मिळतं. आणि तुमच्या हातात एक गोष्ट आहे: डायबेटिस फक्त पाच वर्षांचा आहे. पंधरा वर्षं जुन्याला मी एवढी आशा दाखवत नाही.

तोटे. पहिल्या आठवड्यातली डोकेदुखी, पेटके, गळून जाणं हे मीठ-पाणी गेल्याचं असतं, मीठ घातलेलं पातळ ताक आणि मटणाचा साधा अळणी रस्सा थोडं मीठ घालून घेतला की बहुतेकांना उतार पडतो. तोंडाला वास येतो. बद्धकोष्ठता ठरलेली, कारण फायबर पोळी-डाळींबरोबर गेलं. हे किरकोळ झालं.

किरकोळ नाही ते एलडीएल. काहींचं जागचं हलत नाही, काहींचं ११० वरून दोनशेच्या जवळ जातं, आणि गंमत म्हणजे हे सडपातळ, व्यायाम करणाऱ्यांत जास्त दिसतं. ‘ट्रायग्लिसराइड उतरलंय ना, मग एलडीएलचं काय’ असा युक्तिवाद समाजमाध्यमांवर जोरात चालतो. मी तो मानत नाही. दक्षिण आशियाई माणसाला पहिला हार्ट ॲटॅक इतरांपेक्षा काही वर्षं आधीच येतो. डायबेटिस असलेल्या ४३ वर्षांच्या माणसाने एलडीएलशी खेळ करू नये. फॅट कुठून येतंय यावरही बरंच अवलंबून आहे. बांगडा, शेंगदाणे, तीळ, कारळ्याची चटणी, जवस यांतून आलेलं फॅट वेगळं. आपल्याकडचं शाकाहारी कीटो मात्र लोणी, क्रीम, चीज आणि तुपावर चालतं, कॉफीतसुद्धा तूप. तुपाला माझा विरोध नाही, वरणभातावरचा चमचा घ्याच. दिवसाला सहा-सात चमचे ही वेगळी गोष्ट आहे.

किडनीचं विचारलंत. धड किडनी कीटोने ‘जाते’ याला आधार नाही. मुळात नीट केलेलं कीटो जास्त प्रोटीनचं नसतंच, जास्त फॅटचं असतं. पण तुम्हाला पाच वर्षं डायबेटिस आहे, बीपी आहे, तेव्हा तुमची किडनी धड आहे हे गृहीत धरू नका. रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर बघा. दुसरी तपासणी बरेच जण गाळतात आणि नेमकी तीच लवकर बोलते. खरा त्रास मुतखड्याचा. फिट्ससाठी कीटो घेणाऱ्या मुलांत सहा-सात टक्क्यांना खडे झालेले नोंदले गेलेत, आणि पोटॅशियम सायट्रेट दिल्यावर ते प्रमाण एक टक्क्यावर आलं. कीटोत लघवी आम्लधर्मी होते, खडे धरू न देणारं सायट्रेट घटतं. त्यात आपला महाराष्ट्र खड्यांच्या पट्ट्यातला, एप्रिल-मेचं ऊन, कमी पाणी, आणि कीटोच्या नावाखाली रोज पालक पनीर आणि मूठ-मूठ बदाम. पालक आणि बदाम, दोन्हींत खडे धरायला लावणारं ऑक्झलेट भरपूर. पूर्वी खडा झालेल्या माणसाला मी कीटो देत नाही. यूरिक ॲसिड वाढलेलं असेल तर सुरुवातीला ते आणखी चढतं, अंगठा सुजून येतो.

आणि एक तोटा रिपोर्टात दिसत नाही. तुम्ही लिहिता की नॉनव्हेज चालतं, पण सोमवार, गुरुवार, शनिवार पाळता, शिवाय चतुर्थी आणि अख्खा श्रावण. म्हणजे मासे-मटण-अंड्यांवर उभं राहू शकणारं कीटो तुम्हाला आठवड्यातले चारच दिवस उपलब्ध आहे. बाकीचे तीन दिवस पनीर आणि काकडी. मालवण-रत्नागिरीच्या माणसाला हे सोपं जातं: भाताचा ढीग बाजूला केला की ताटात बांगडा, ओलं खोबरं, बिनसाखरेची सोलकढी उरतेच. भाकरी हाच जेवणाचा कणा असलेल्या घरात कीटो म्हणजे वेगळी चूल. माझ्या एका पेशंटने आहाराची वही फार प्रामाणिकपणे लिहिली होती. पहिले तीन आठवडे प्रत्येक घासाचे ग्रॅम. चौथ्यात ‘पनीर’, ‘पनीर’, ‘पनीर (नको झालं)’. पाचव्यात एका मंगळवारी फक्त ‘सासूबाईंकडे गेले होते’. पुढची पानं कोरी. वजन चार महिन्यांत होतं तिथे आलं, आणि मधल्या काळात प्रोटीन पुरेसं न घेतल्याने उतरताना थोडे स्नायूही गेले होते. परत आली ती सगळी चरबी.

दीक्षित डाएटशी तुलना करायची तर दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी लोकप्रिय केलेल्या पद्धतीत दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवायचं आणि चालायचं. तिथे बंधन वेळांवर आहे, भाकरीवर नाही, म्हणून आपल्या घरांत ती टिकते. ग्लिमेपिराइड चालू असेल तर दोन जेवणांतलं लांब अंतर डॉक्टरांना सांगूनच ठेवायचं. दोन्ही एकत्र करू मात्र नका. दोनदा जेवण, तेही कीटोचं, आणि डापाग्लिफ्लोझिन, ही वर सांगितलेल्या आयसीयूचीच वाट.

कीटो मुळीच करू नये असे लोक: टाइप वन डायबेटिस, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या (यांना डायबेटिस नसतानाही कीटोॲसिडोसिस झाल्याच्या नोंदी आहेत), किडनीचा आजार, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेले, खाण्याबद्दल टोकाची भीती किंवा अतिरेक असणारे. पीसीओडीच्या मुली बऱ्याच विचारतात. वजन उतरलं की पाळी सुधारते, ते कीटोनेही होतं. पण बीजांड सुटायला लागल्यावर नकळत दिवस राहतात आणि पहिले काही आठवडे कीटोतच जातात, हे त्यांना आधी सांगावं लागतं. कॅन्सर कीटोने बरा होतो असं सांगणाऱ्यापासून दूर राहा.

तुमच्या जागी मी काय करेन ते सांगते. कार्ब्ज पावणेतीनशेवरून सव्वाशे-दीडशेवर आणेन. चहातली साखर पूर्ण बंद, बिस्किटं बंद, इथेच पन्नास गेले. पोह्यांऐवजी दोन अंडी किंवा मूगडाळीचं एक धिरडं आणि दही. दुपारी दीड पोळी, भात नाही, उसळ दुप्पट, कोशिंबीर. रात्री एकच भाकरी, सोबत मासे, चिकन, पनीर किंवा पिठलं, आणि मेथी-शेपू-दोडका यांतली भरपूर भाजी. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं. श्रावणात यातलं काही मोडत नाही. आयसीएमआरच्या अभ्यासाने डायबेटिस मागे हटवण्यासाठी कार्ब्ज ४९ ते ५४ टक्के आणि प्रोटीन १९-२० टक्क्यांपर्यंत न्यायला सांगितलंय, मी कार्ब्जच्या बाबतीत त्याहून थोडी कडक आहे इतकंच. एवढ्यानेही शुगर उतरेल, तेव्हा ग्लिमेपिराइडबद्दल डॉक्टरांशी आधी बोला आणि पहिले दोन आठवडे सकाळची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर लिहून ठेवा.

तरीही कीटोच करायचं असेल तर डॉक्टरांच्या हाताखाली करा. आधी क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, लिपिड, यूरिक ॲसिड, यकृताच्या तपासण्या. डापाग्लिफ्लोझिन डॉक्टरांनी बंद केल्यावर काही दिवस जाऊ द्यायचे, मगच पोळी सोडायची. ग्लिमेपिराइड कमी किंवा बंद, बीपी घरी मोजायचं. प्रोटीन रोज ७५ ग्रॅमच्या आसपास हवंच. बारा आठवड्यांनी लिपिड पुन्हा, आणि एलडीएल चढलेलं दिसलं तर तिथेच थांबायचं. बाहेर पडताना दर आठवड्याला दहा-पंधरा ग्रॅम कार्ब्ज वाढवत यायचं, आधी कडधान्यं आणि फळं, भात शेवटी. उलट्या, ताप, ऑपरेशन यांपैकी काही आलं तर कीटो त्या दिवशी बंद, आणि दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य ‘मी कीटोवर आहे’ हे.

राहिला कीटो आटा. घेऊच नका म्हणणार नाही, पण पाकिटाच्या पुढचं वाचू नका, मागचं वाचा. एकूण कार्ब्जमधून फायबर वजा करून उरतं ते शंभर ग्रॅमला किती आहे ते बघा, आणि घटकांत पहिलं नाव गव्हाचं असेल तर परत ठेवा. बदामाच्या पिठाचा असेल तर खड्यांचं वर सांगितलंय ते लक्षात घ्या. विकत घेतलाच तर एक दिवस उपाशीपोटी शुगर बघा, त्या आट्याच्या दोन पोळ्या नुसत्या भाजीबरोबर खा आणि दोन तासांनी पुन्हा बघा. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वजनाच्या ज्वारीच्या पिठाची भाकरी खाऊन तेच करा. फरक वीस-पंचवीसचाच निघाला तर ते पैसे अंड्यांवर घाला.